वर्षभराची तुरीची डाळ एकदाच भरडून घ्या

विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर घरात येते. ती सगळी विकून पुढे वर्षभर दुकानातून किलो-किलोने डाळ आणणे बहुतेक कुटुंबांना महागच पडते. महिन्याला ४ किलो डाळ लागत असेल, तर वर्षाची गरज ४८ किलो होते आणि १०० किलो तुरीपासून साधारण ७० किलो डाळ निघते असे धरले, तर त्यासाठी सुमारे ७० किलो तूर राखून ठेवावी लागते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दाल मिल अनेक गावांत बचत गट चालवतात. जवळची मिल आधी पाहून भरडाईचा दर विचारून घ्यावा. तूर कडक उन्हात इतकी वाळवावी की दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. भरडण्यापूर्वी आणि नंतर वजन स्वतः उभे राहून करून घ्यावे, आणि चुनी (भरडताना निघणारा डाळीचा चुरा व टरफले) तर मिलवर मुळीच सोडू नये, कारण ती दुभत्या जनावरांना उत्तम खुराक असते. भुंगेरे अखंड तुरीला लवकर लागतात, डाळीला त्यामानाने कमी. म्हणून भरडायला उशीर करू नये. डाळ पुन्हा एक ऊन देऊन, थंड झाल्यावरच, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरावी.