पानावरचे प्रदूषण खाणारे जिवाणू घरी कसे बघायचे

झाड हवा शुद्ध करतं म्हणतात ना, त्यात पानांवर आणि मुळांशी राहणाऱ्या जिवाणूंचाही मोठा हात असतो. पानाच्या एका चौरस सेंटीमीटरवर लाखांनी असतात. आणि ते वाढवून बघायला मायक्रोस्कोपसुद्धा लागत नाही.

न्यूट्रिएंट आगर (जिवाणूंचं जेलीसारखं खाद्य) आधीच ओतलेल्या ३ पेट्री डिश (झाकणाच्या चपट्या बशा) घ्या, रेडिमेड मिळतात. पान बाहेरच्या झाडाचं घ्या, सपाट, औषध न फवारलेलं, आणि प्लीज धुवू नका, धुतलं की जे बघायचंय तेच अर्धं वाहून जातं. हात साबणाने धुवून पानाची खालची बाजू आगरवर हलकेच टेकवा, १० सेकंद बोटाने दाबा आणि चिमट्याने पान उचलून घ्या, जोरात दाबलं तर आगर फाटतो. दुसऱ्या डिशमध्ये वरची बाजू. तिसरीत काहीच टेकवायचं नाही, फक्त तेवढाच वेळ झाकण उघडून बंद करायचं, म्हणजे हवेतून काय पडलं ते वेगळं कळतं. टेपने सील करा, उलट्या करून ठेवा, नाहीतर झाकणावरचं पाणी खाली पडून सगळं एकमेकांत मिसळतं.

एक-दोन दिवसांत पांढरे-पिवळे ठिपके येतात. घाई करू नका, खरी मजा त्यानंतर, कारण चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास बारीक गुलाबी ठिपके दिसायला लागतात आणि नशीब चांगलं असेल तर पानाच्या शिरांचा नकाशाच उमटतो. हे गुलाबी बहुधा मिथायलोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू. पान वाढताना पेशीभिंतीतल्या पेक्टिन नावाच्या पदार्थातून मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) सुटतं, ते पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, बाहेर पडतं आणि ही मंडळी तेच खातात. खाताना त्यांच्या आतच फॉर्माल्डिहाइड तयार होतं, जे आपल्यासाठी विषारी, पण त्याचा निकाल लावायची यंत्रणा त्यांच्याकडे मुळातच आहे. म्हणून प्रदूषणवाल्या संशोधकांचा यांच्यावर डोळा. बुरशी सगळ्यांवर पसरली तर ती डिश बाद समजा, नवीन लावा.

पण गुलाबी ठिपका दिसला म्हणजे तो फिनॉल किंवा टॉल्युइनसारखे प्रदूषक खातोच असं अजिबात नाही, इथे शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. त्यासाठी लॅबमध्ये साखर वगैरे काही न देता फक्त तो एकच प्रदूषक अन्न म्हणून देतात आणि कोण जगतं ते बघतात. २००४ मध्ये अझेलिया या फुलझाडाच्या पानांवर टॉल्युइन खाणारा स्युडोमोनास हा जिवाणू सोडून बघितला, तर हवेतलं टॉल्युइन बरंच लवकर कमी झालं, पण ते बंद चेंबरमध्ये. हा भाग घरी करायच्या भानगडीत पडू नका, ही रसायनं खरंच घातक आहेत. आणि घरातल्या कुंड्यांकडून फार अपेक्षाही नको, २०१९ च्या एका आढाव्यात हिशोब निघाला की नेहमीच्या हवा खेळण्याइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील!

बघून झालं की डिश उघडून वास बिस घ्यायचा नाही, त्यात नको ते जंतूही वाढलेले असू शकतात. एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं मिश्रण करा, दुसरं कुठलंही क्लीनर त्यात घालू नका, ग्लोव्हज घालून डिश रात्रभर बुडवून ठेवा आणि मग पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.