जावामध्ये पैशांचा हिशोब: डबल नको, लाँग घ्या

जावा या प्रोग्रामिंग भाषेत रक्कम ठेवायला नवशिके हमखास डबल (दशांश संख्यांचा प्रकार) घेतात. ते टाळा. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवून बघा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. कारण ०.१ हा अपूर्णांक बायनरीत (संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत) नेमका मावतच नाही. म्हणून रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजा आणि पूर्णांकात ठेवा.

पूर्णांक म्हणजे इंट हा छोटा प्रकार नव्हे, लाँग हा मोठा प्रकार. इंट ३२ बिटांचा असतो, त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. पैशांत हे जेमतेम २ कोटी १४ लाख रुपये झाले; एखाद्या पतसंस्थेच्या ठेवी सहज पुढे जातील.

खरी मेख पुढे आहे. रुपये इंटमध्ये असतील आणि त्यांना १०० ने गुणून उत्तर लाँगमध्ये ठेवलं, तरी गुणाकार इंटमध्येच होतो. अडीच कोटी रुपयांचे पैसे करायला गेलात तर हाती -१,७९,४९,६७,२९६ येतात, आणि जावा चकार शब्द काढत नाही! उपाय अगदी साधा: १०० च्या मागे एल लावा, तोही कॅपिटल, कारण छोटा एल १ या आकड्यासारखा दिसतो. जावा ८ पासून मॅथ क्लासमध्ये मल्टिप्लायएक्झॅक्ट हे गुणाकाराचं फंक्शन आहे. मर्यादा ओलांडली की ते सरळ एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकतं. व्याज किंवा टक्केवारी असेल तिथे मात्र बिगडेसिमल (दशांश संख्या नेमक्या ठेवणारा क्लास) वापरा.