दोन कॅमेऱ्यांची मुलाखत: आधी कानाने कापा

समोरून एक कॅमेरा, बाजूने दुसरा, कॉलर माइकचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. तासाभराच्या अशा मुलाखतीतून बारा मिनिटं काढायची असतील, तर कुठल्या क्षणी कोणता कॅमेरा दाखवायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि दोन दिवस घालवतात.

कॉपी आणि फ्रेम रेट

कार्ड रिकामं करण्याआधी दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा. कार्डावरचं अख्खं फोल्डर उचला, नुसत्या व्हिडिओ फाइल्स नकोत. काही कॅमेरे लांब शॉटचे तुकडे पाडतात आणि ते जोडण्याची माहिती शेजारच्या फाइल्समध्ये असते.

आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे शूटिंग सेकंदाला 25 फ्रेम (25 चित्रं, हाच फ्रेम रेट) आणि 1/50 सेकंद शटरवर झालेलं बरं. नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. मग टाइमलाइनही, म्हणजे एडिटिंगमध्ये क्लिप्स मांडायची पट्टीही, 25 फ्रेमची. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एकदा फुटेज आत घेतलं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलू देत नाही, म्हणून हे आधी.

दुसरा कॅमेरा म्हणजे मोबाइल असेल तर जपून. फोनचा फ्रेम रेट चालू शूटमध्ये खालीवर होतो. सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर जुळतात, विसाव्या मिनिटाला सुटलेले असतात. फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून काढून घ्या, मगच आत आणा.

सिंक

सिंक म्हणजे चित्र आणि आवाज जुळवणं. सॉफ्टवेअर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) बघून आवाज जुळवतं, पण त्यासाठी कॅमेऱ्यातही साधा आवाज रेकॉर्ड झालेला हवा. शूटच्या सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी घ्या. शेवटची लोक विसरतात आणि खरी परीक्षा तिचीच. 25 फ्रेमला एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. दोन-तीन फ्रेमचा फरक डोळ्याला खुपतो. फरक हळूहळू वाढत गेलेला दिसला, तर एखाद्या शांत जागी आवाजाची क्लिप कापून पुढचा भाग एक-दोन फ्रेम सरकवा.

आता चित्र विसरा

पहिला कट निव्वळ ऐकून करायचा. कॅमेरा एकच ठेवा, कटाच्या जागी चित्र कितीही उडी मारू दे. बोलणं सलग लागतंय का, एवढंच बघा.

मराठीत इथे एक सापळा आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी. "अनुदानाशिवाय हे चाललं असतं, असं मला वाटत नाही." हे वाक्य 'असतं'वर कापलं तर माणूस नेमकं उलट बोललेला दिसतो. अर्थ तिथे नाही बिघडला तरी आवाज बिघडतो: मधल्या शब्दावर सूर चढलेला असतो, तो तसाच लोंबकळतो. सूर खाली बसला की कापा.

त्यातही शेवटचा 'आहे' बरेच जण गिळतात, इतका हळू बोलतात. शांत जागा आपोआप काढणारी टूल्स त्याला शांतता समजून उडवतात. ती वापरायची तर प्रत्येक कटाच्या शेवटी तीन-चार फ्रेम जादा ठेवा आणि सगळे कट स्वतः ऐका.

'म्हणजे' आणि 'ना' सरसकट काढू नका. माणूस विचार करतोय हे त्यांच्यातूनच कळतं. श्वासाच्या मधोमध कापू नका, आणि दोन श्वास लागोपाठ आले तर एक काढा.

जोडांवर दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा चढतो तो) द्या, म्हणजे 'टक्' असा आवाज येत नाही. मध्ये मोकळी जागा लागली तर रूम टोन, म्हणजे खोलीचा रिकामा आवाज, भरा. त्यासाठी शूटच्या वेळीच सगळ्यांना गप्प बसवून 30 सेकंद रेकॉर्ड करायचं असतं. पूर्ण शांतता टाकली तर पंख्याची घरघर अचानक थांबते आणि आवाजच गेला असं वाटतं.

मग कॅमेरे

जिथे चित्र उडतंय तिथे आधी दुसरा कॅमेरा, नाहीतर हातांचा किंवा कामाचा शॉट. तो शॉट तीन-चार सेकंद राहू द्या. चहाचा कप एका कटात हातात, पुढच्यात टेबलावर, हे लगेच पकडलं जातं. प्रश्न संपायच्या आठ-दहा फ्रेम आधीच ऐकणाऱ्याचा चेहरा आणला तर कट टोचत नाही. मुलाखतकाराची मान डोलावणं भलत्याच उत्तरावर चिकटवू नका. ती मुलाखतीशी लबाडी आहे.

शेवटचे हात

बोलण्याची शिखरं, म्हणजे मीटरवरचे सगळ्यात मोठे आवाज, −12 ते −6 डेसिबलच्या दरम्यान ठेवा. यूट्यूब मोठा आवाज −14 एलयूएफएसच्या (आवाजाची सरासरी पातळी मोजायचं एकक) आसपास खाली ओढतं, त्यामुळे उगाच चढवून फायदा नाही. नावाच्या पट्टीत वेलांटी सुटी पडली किंवा जोडाक्षर तुटलं, तर फॉन्ट बदलण्याआधी टेक्स्ट इंजिन (अक्षरं जुळवणारी सेटिंग) तपासा. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ते दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं निवडावं लागतं.

फाइल काढताना 1080पीसाठी एच.264 फॉरमॅट, बिटरेट 8 एमबीपीएस (सेकंदाला 8 मेगाबिट) किंवा थोडं जास्त. निघालेली फाइल फोनच्या स्पीकरवर अखेरपर्यंत बघा. सिंक सुटलं असेल तर ते पहिल्या दोन मिनिटांत दिसत नाही.