हरिहरेश्वर ते गणपतीपुळे: गाडी बोटीत टाकून एका दिवसात तीन खाड्या कशा पार करायच्या

हरिहरेश्वरहून गणपतीपुळ्याला जायचं तर बरेच जण उलटे माणगावला येऊन हायवे पकडतात आणि मग दिवसभर समुद्र दिसतच नाही. त्यापेक्षा किनाऱ्याकिनाऱ्याने जा. वाटेत सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्या लागतात आणि तिन्हीकडे जंगलजेटी आहे, म्हणजे गाडीसकट पलीकडे. फक्त दिवस बोटीच्या वेळांवर आखायचा, बघायच्या ठिकाणांवर नाही.

आदल्या रात्री दोन कामं करा. जिथे उतरलाय त्यांच्याकडून जेट्टीचा नंबर घेऊन तवसाळ-जयगडची, म्हणजे तिसऱ्या, शास्त्रीच्या खाडीवरची शेवटची बोट किती वाजता ते विचारा, पावसाळ्यात तर नक्कीच. दुसरं, कॅलेंडरमध्ये तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त खाली उघडा पडतो, तिथे शेवाळ असतं, चाक घसरतं आणि बुटकी गाडी पुढून घासते.

सकाळी पहिल्या बोटींपैकी एक गाठायला बागमांडल्याला या. तिकीट गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं, सुटे पैसे जवळ ठेवा. मुलांना आणि आजी-आजोबांना आधीच उतरवून चालत बोटीवर पाठवा. बऱ्याचदा गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावतात, तेव्हा मागून चार जण ओरडत असतात, पण तुम्ही फक्त बोटीवरच्या माणसाच्या हाताकडे बघा, तो रोज हेच करतो, क्लच हळू सोडा आणि रॅम्पच्या पट्टीवर चाक आलं की मध्येच ब्रेक मारू नका. जागेवर लागली की हँडब्रेक, गिअर, इंजिन बंद, आणि वर जाऊन बसा.

वेसवीला उतरलं की केळशी, मग आंजर्ले. इथे कड्यावरचा गणपती चुकवू नका, वरून सुवर्णदुर्ग दिसतो. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी रंगतो, त्यासाठी थांबलात तर पुढचं सगळं गेलं, तो पुन्हा कधीतरी. पेट्रोल कमी असेल तर दापोलीवरून जा, नाहीतर कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असं करत दाभोळ. रस्ता अरुंद आहे पण मला तोच आवडतो. दाभोळला चंडिकादेवीचं देऊळ गुहेत आहे, आत फक्त समयांचा उजेड, डोळे सरावायला जरा वेळ लागतो.

दाभोळ-धोपावे बोटीने चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. जेवण गुहागरला, पण घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून सांगा, ऐनवेळी उकडीचे मोदक मिळत नाहीत.

नंतर वेळणेश्वर किंवा हेदवी, दोन्हीचा हट्ट नको. दुपारी भरती असेल तर हेदवी, कारण बामणघळीत पाणी उसळतं ते भरतीलाच, ओहोटीला नुसती कातळातली भेग दिसते.

तवसाळला शेवटच्या बोटीच्या निदान तासभर आधी पोचा, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. चुकलीच तर राई-भातगावच्या पुलावरून रस्त्याने जाता येतं, फेरा पडतो इतकंच. जयगडहून मालगुंडमार्गे गणपतीपुळे जवळ आहे, उजेड असेल तर मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर बघून घ्या.