‘पाणी उकळून प्या’ ही सूचना उठल्यानंतर घरातले पाणी पुन्हा पिण्यायोग्य कसे करावे

‘पाणी उकळून व गाळून प्यावे’ ही सूचना महापालिका किंवा ग्रामपंचायत मागे घेते, तेव्हा जलवाहिनीतले पाणी आपल्या मीटरपर्यंत शुद्ध पोहोचत आहे एवढीच हमी ती देत असते. मीटरच्या अलीकडची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, त्यांना जोडणारे पाइप, गीझर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि स्वयंपाकघरातला माठ यांत मात्र दूषित काळातलेच पाणी साठलेले असते. चोवीस तास नळाला पाणी असणाऱ्या देशांत अशा वेळी घरातले सगळे नळ काही मिनिटे सोडून दिले की बहुतेक काम होते. आपल्याकडे दिवसातून तास-दोन तास पाणी येते आणि उरलेला वेळ आपण साठवणीवर काढतो, म्हणून टाकीपासून सुरुवात करण्याला पर्याय नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नांदेड गाव, किरकटवाडी आणि धायरी या भागांत गुलियन बारे सिंड्रोमचे (जुलाबासारख्या संसर्गानंतर मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पाणी उकळून पिण्याचे आवाहन करण्यात आले. शहरांच्या कडेला वाढलेल्या अशा वस्त्यांत महापालिकेचे, टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी अनेकदा एकाच खालच्या टाकीत पडते. त्यामुळे एक स्रोत शुद्ध झाला तरी दुसऱ्या स्रोताने टाकी पुन्हा दूषित होण्याची शक्यता राहते, आणि पुढची सगळी मेहनत करण्याआधी आपल्या टाकीत नेमके कोणकोणते पाणी येते हे माहीत करून घ्यावे लागते.

सूचना आपल्या भागापुरती उठली आहे का, ते पाहा

एकाच शहरात वेगवेगळ्या जलकुंभांवरून पाणी सुटते. शेजारच्या प्रभागातली सूचना उठली म्हणजे आपलीही उठली असे धरून चालू नये, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपावर तर मुळीच विसंबू नये. पाणीपुरवठा विभागाच्या कार्यालयात किंवा गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) विचारताना दोन प्रश्न नेमके विचारावेत : आमच्या भागातल्या शेवटच्या नळाशी उर्वरित (पाण्यात शिल्लक राहिलेले) क्लोरीन किती मिळाले, आणि जिवाणू तपासणीचा अहवाल आला का. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन (जंतू मारायला मोकळे उरलेले) असावे असे सांगते आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा हे प्रमाण किमान ०.५ मिलिग्रॅम धरते. १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात सापडता कामा नये, अशीही त्यात अट आहे. पुरानंतर पाण्याला डिझेलचा किंवा रसायनाचा वास येत असेल तर या लेखातला कोणताही उपाय लागू पडत नाही, कारण उकळल्याने किंवा क्लोरीन टाकल्याने रसायने जात नाहीत.

उकळणे केव्हा थांबवावे याचे उत्तर सूचनेच्या तारखेवरून ठरवू नये. आपली टाकी, पाइप आणि पिण्याची भांडी हे सगळे साफ होईपर्यंत पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि दात घासण्याचे पाणी उकळलेलेच वापरावे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ती एक मिनिट टिकली की पुरे. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळावे लागते, पण आपले कळसूबाईचे शिखरही १,६४६ मीटरच आहे. पाणी गढूळ असेल तर आधी स्वच्छ सुती फडक्याच्या चार पदरांतून गाळून घ्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटी फिरवलेले पाणीही उकळावेच लागते.

टाक्या : आधी खालची, मग वरची

पाण्याची टंचाई असताना हजारो लिटर पाणी गटारात सोडणे कुणाच्याही जिवावर येते, आणि त्याची गरजही नसते. सूचना उठण्याची चिन्हे दिसू लागली की सोसायटीने दोन-तीन दिवस आधीच फलकावर सूचना लावून टाकीतले पाणी फरशी पुसणे, संडास आणि वाहनतळ धुणे यांसाठी वापरून पातळी खाली आणावी. टाकी रिकामी व्हायच्या वेळी खालच्या टाकीत येणारा वॉल्व्ह बंद करावा, नाहीतर बॉलकॉक उघडतो आणि नवे शुद्ध पाणी जुन्या गाळात मिसळते. बाहेर जाणारा पाइप टाकीच्या तळापासून काही इंच वर असतो, म्हणून पंप कोरडा पडल्यावरही तळाशी चिखलपाणी उरते. सगळ्यात जास्त घाण तिथेच असते आणि ती पंपाने जात नाही, बादलीने उपसावी लागते.

जमिनीखालच्या टाकीत उतरणे हे जिवावर बेतू शकणारे काम आहे. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो, त्यात क्लोरीनची वाफ साठली तर माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळल्याच्या दुर्घटना घडत आल्या आहेत. झाकण काही तास उघडे ठेवून पंख्याने हवा खेळवल्याशिवाय, पंपाचा मुख्य स्विच बंद केल्याशिवाय आणि वर दोर धरून दोन माणसे उभी असल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नये. वायर सोडून लावलेला साधा दिवा आत नेऊ नये. बॅटरीवर चालणारा दिवा वापरावा. सोसायटीच्या वॉचमनला किंवा सफाई कामगाराला ‘जरा उतरून बघ’ असे सांगणे पूर्णपणे चुकीचे आहे. या कामाची साधने आणि अनुभव असलेल्या माणसांनाच ते द्यावे.

भिंती आणि तळ ताठ ब्रशने घासावेत. हाताला बुळबुळीत लागणारा थर निघून खरखरीत पृष्ठभाग लागेपर्यंत घासणे आवश्यक आहे, कारण त्या थरातच जंतू तग धरतात आणि क्लोरीन त्याच्या आतपर्यंत सहज पोहोचत नाही. घासल्यावर एकदा धुऊन ते पाणीही उपसून टाकावे.

त्यानंतर निर्जंतुकीकरण. यासाठी लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागते. ताज्या टीसीएल पावडरीत (ब्लीचिंग पावडरीत) सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, पण पिशवी उघडल्यावर आणि दमट हवेत ते झपाट्याने उतरते. म्हणून २५ टक्के धरून हिशेब करावा : १,००० लिटर क्षमतेच्या टाकीला २०० ग्रॅम. गोळे झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर वापरू नये. पावडर कोरडी टाकीत फेकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत थोडे थोडे पाणी घालत लाकडी काठीने आधी सरबरीत करावी, मग बादली पाण्याने भरून अर्धा तास स्थिर ठेवावी. चुन्याचा पांढरा साका खाली बसतो आणि वर फिकट हिरवट-पिवळी निवळी राहते. ती निवळीच टाकीत ओतावी. साका टाकीत गेला तर पुढे आठवडाभर नळांच्या जाळ्यांत चुना अडकत राहतो. पावडर मिळत नसेल तर ५ टक्क्यांचे, सुगंध नसलेले सोडियम हायपोक्लोराइट १,००० लिटरला एक लिटर या प्रमाणात चालते. हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडके हवेच. संडास साफ करण्याचे ॲसिड या द्रावणात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून त्या दिवशी ॲसिडची बाटली गच्चीवर नेऊच नये.

टाकी एक चतुर्थांश भरल्यावर निवळी ओतून मग ती काठोकाठ भरावी, म्हणजे द्रावण सगळीकडे पोहोचते. आता प्रत्येक घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा उग्र वास येईपर्यंत सोडावा आणि बंद करावा. पाइप निर्जंतुक होतात ते याच वेळी. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा कॉक मात्र आधीच बंद केलेला हवा, कारण इतक्या क्लोरीनने आरओचा पडदा खराब होतो. शक्य असेल तर २४ तास, नाहीतर निदान १२ तास हे पाणी टाकीत आणि पाइपांत राहू द्यावे. या काळात ते पिऊ नये, त्याने आंघोळ करू नये, झाडांना घालू नये. घरात मासे पाळले असतील तर त्यांच्या टाकीत त्याचा थेंबही जाता कामा नये.

एवढा वेळ पाणी बंद ठेवणे जमत नसेल, तर दुसरा मार्ग आहे. दहा लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम पावडरीची निवळी करून ती भिंतींना आणि तळाला ब्रशने लावावी, अर्धा तास ओली राहू द्यावी आणि धुऊन काढावी. याने टाकी स्वच्छ होते, पाइप होत नाहीत. म्हणून हा मार्ग धरला तर नळ पुढे जास्त वेळ सोडावे लागतात.

क्लोरीनचे पाणी काढून टाकल्यावर पहिले नवे पाणी टाकीत घेताना आणखी एक दक्षता घ्यावी. पाणी बंद असताना जलवाहिनीतला दाब जातो आणि जिथे पाइप फुटका आहे, तिथून बाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यामुळे पाणी सुटल्यावरची पहिली काही मिनिटे सर्वांत धोक्याची असतात. ते पाणी बादल्यांत धरून संडासासाठी ठेवावे. नळाला थेट मोटार लावणारे शेजारी हा दाब आणखी घटवतात. त्यांच्याशी वाईटपणा घ्यायची वेळ आली तरी घ्यावा, कारण त्यांच्या मोटारीने ओढलेली घाण सगळ्या गल्लीला मिळते.

नळ, गीझर आणि यंत्र

नव्या पाण्याने टाक्या भरल्यावर घरातला सर्वांत लांबचा नळ आधी सोडावा. नळाच्या तोंडाची जाळी काढून, घासून, मग प्रत्येक नळ किमान पाच मिनिटे चालू ठेवावा. गीझर पूर्ण रिकामा करून भरावा. वीज बंद केल्याशिवाय त्याला हात लावू नये. गच्चीवर सौर बंब असेल तर त्याची टाकीही रिकामी करावी, कारण ढगाळ दिवसांत तिच्यात पाणी केवळ कोमट राहते आणि जंतूंना ते मानवते. वॉशिंग मशीन एकदा कपड्यांशिवाय फिरवावे.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर आपला भरवसा फार असतो, म्हणून ते सर्वांत शेवटी आठवते. यंत्रातली कार्बनची कांडी पाण्यातले क्लोरीन शोषून घेते, त्यामुळे यंत्राच्या स्वतःच्या साठवण टाकीतल्या पाण्याला कोणतेच संरक्षण उरत नाही. सूचनेच्या काळात यंत्र चालू राहिले असेल तर गाळ अडवणारी आणि कार्बनची अशा दोन्ही कांड्या बदलाव्यात, साठवण टाकी उघडून घासावी आणि पहिल्या दोन टाक्या भरून सोडून द्याव्यात. यंत्रातला जंतू मारणारा अतिनील (यूव्ही) दिवा जळतो आहे एवढे पुरेसे नाही. त्याचे आयुष्य संपले आहे का, ते दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे.

स्वयंपाकघर आणि देवघर

फ्रीजमधला बर्फ टाकून ट्रे गरम पाण्याने धुवावेत. त्या काळात न उकळलेल्या पाण्याने केलेले ताक, सरबत, ओली चटणी, कोशिंबीर ठेवू नये. माठाला साबण लावू नये, तो मातीत मुरतो. आतून काथ्याने घासून, उकळते पाणी फिरवून दिवसभर कडक उन्हात उपडा ठेवावा. तोटीचा माठ असेल तर तोटीही काढून घासावी. माठात पेला बुडवण्याची सवय असेल तर आता लांब दांड्याचे ओगराळे आणावे, कारण टाकी निर्जंतुक करूनही पाणी पुन्हा दूषित होते ते बहुधा याच हातांनी. देव्हाऱ्यातला तांब्या आणि तीर्थाची पळी हमखास राहून जातात. तीर्थ लहान मुले पितात, तेव्हा ते पाणीही बदलावे.

खात्री करून घ्या

घरच्या घरी क्लोरीन पाहायला ओ.टी. चाचणी सोपी आहे. काचेच्या नळीत एक मिलिलिटर पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे ०.१ मिलिलिटर द्रावण टाकतात. पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे, आणि छटा जितकी गडद तितके ते जास्त. मुक्त क्लोरीनसाठी रंग पहिल्या दहा सेकंदांतच तक्त्याशी जुळवून पाहावा, उशिरा पाहिलेला रंग संयुक्त (इतर पदार्थांशी जोडले गेलेले) क्लोरीनही मोजतो. हे द्रावण विषारी आहे, म्हणून नळीतले पाणी लगेच ओतून द्यावे आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. चाचणी खालच्या टाकीशी न करता सर्वांत वरच्या मजल्यावरच्या, सर्वांत लांबच्या नळाशी करावी.

दोन-तीन दिवसांनी जिवाणू तपासणीसाठी नमुना जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा. बाटली त्यांच्याकडूनच आणावी. तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे रसायन असते, म्हणून ती विसळू नये. नळ दोन-तीन मिनिटे वाहू देऊन, बुचाच्या आतल्या बाजूला बोट न लावता नमुना भरावा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. अहवाल येईपर्यंत तान्ह्या बाळाचे, गरोदर स्त्रीचे आणि आजारी माणसाचे पाणी उकळूनच द्यावे.

आजारावर मात्र याहून जास्त दिवस लक्ष ठेवावे लागते. पटकीची (कॉलऱ्याची) लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात, पण ‘ई’ प्रकारची कावीळ संसर्गानंतर दोन ते दहा आठवड्यांनी बाहेर पडते, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती जिवावर बेतू शकते. जुलाब थांबल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढता येईना किंवा हातातली वस्तू निसटू लागली, तर ते गुलियन बारे सिंड्रोम असू शकते, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना आधीच्या जुलाबांबद्दल आणि पाण्याबद्दल आवर्जून सांगावे.