बंदर होण्याआधी बेटावरच्या झाडांचा सर्वे कसा करायचा: ग्रेट निकोबार डोळ्यासमोर ठेवून

ग्रेट निकोबारला गॅलथिया उपसागरात मोठं बंदर होणार, सोबत विमानतळ, वीजप्रकल्प, टाउनशिप, आणि त्यासाठी १३० चौरस किलोमीटरच्या वर जंगल जाणार हे बऱ्याच जणांनी वाचलंय. किती झाडं तुटणार तो आकडा आधी साडेआठ लाख, मग साडेनऊ लाखाच्या वर, आणि बदली झाडं कुठे लावायची ठरली तर हरियाणात! नुसती झाडं मोजली की असंच होतं. कुठलं झाड, कुठे, आणि ते दुसरीकडे कुठे उगवतं का, हे नोंदवलं तरच त्याला सर्वे म्हणायचं.

जायच्या आधी जुन्या नोंदी बघा. बोटॅनिकल सर्वे ऑफ इंडियाचं केंद्र पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) आहे, पुण्यातही आहे, तिथल्या हर्बेरियमच्या, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शीट बघून यादी काढा. पण त्यावर आंधळा विश्वास नको, कारण २००४ च्या सुनामीत बेटाचं दक्षिण टोक चारेक मीटर खचलं, किनाऱ्याचं जंगल आणि खारफुटी गेली, म्हणजे जुन्या नकाशातली जागा आज पाण्यात असू शकते. परवानग्या आधीच घ्या. आदिवासी राखीव भागात १९५६ चा आदिवासी संरक्षणाचा कायदा लागतो, बेटावरच्या शोंपेन आदिवासींच्या भागात परस्पर घुसायचं नाही म्हणजे नाही.

सीझनचा मुद्दा सगळ्यात मोठा. रॅपिड ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम झटपट तपासणारा अहवाल, पावसाळा सोडून एकाच सीझनच्या माहितीवर चालतो, आणि या बेटाला दोन्ही मान्सून झोडपतात! जमिनीवरची ऑर्किड, नेचे, छोटी रोपं पावसात दिसतात, काही झाडं फुलल्याशिवाय ओळखताच येत नाहीत. वर्षभर जाणं जमलं तर उत्तम, नाहीतर एक कोरडी आणि एक ओली फेरी तरी कराच.

प्लॉट पाडताना किनाऱ्यापासून आत जा: वाळूवर मर्यादवेल, मागे उंडी, केवडा, देशी बदाम, खाडीत खारफुटी, मग आतलं सदाहरित जंगल, प्रत्येक पट्ट्यात वेगळे प्लॉट. जागा नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर माणूस आपोआप वाटेलगतच्या सोप्या जागा निवडतो. मोठ्या झाडांना २० बाय २० मीटर, झुडपांना ५ बाय ५, गवत-रोपांना १ बाय १. घेर १.३७ मीटर उंचीवर मोजायचा, पण इथल्या झाडांना फळ्यांसारखी पसरट आधारमुळं असतात, तिथे टेप मुळांच्या वर नेऊनच लावा आणि किती उंचीवर मोजलं ते लिहा. नवीन प्लॉटमध्ये नवीन जाती मिळणं जवळजवळ थांबेपर्यंत प्लॉट वाढवत राहा. काही प्लॉट प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही हवेत, उद्या तुलना कशाशी करणार? खाडीत भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून आणि मगरींचा अंदाज घेऊनच उतरा.

वर बघायला विसरू नका. फांद्यांवरची ऑर्किड आणि नेचे खालून दिसत नाहीत, दुर्बीण घ्या, वाऱ्याने पडलेल्या ताज्या फांद्या उलटून बघा, खाली पडलेल्या फुलांवरून वरचं झाड शोधा.

नमुना घेताना फूल-फळ-पान असलेली एकच डहाळी पुरते, दुर्मिळ असेल तर फोटोवर भागवा. रंग, वास, चीक हे तिथल्या तिथे वहीत लिहा, सुकल्यावर यातलं काही उरत नाही. इतक्या दमट हवेत साध्या प्रेसमध्ये (नमुने दाबून सुकवायची चौकट) ठेवलेला नमुना दोन दिवसात बुरशी धरतो. म्हणून डहाळी वर्तमानपत्रात घडी करायची, गठ्ठा बांधायचा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कागद भिजेपर्यंत स्पिरिट ओतायचं आणि तोंड घट्ट बांधायचं. मुक्कामी पोचल्यावर मग नीट सुकवा. नंबराची चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा, शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

तिथल्या माणसांना विचारा. निकोबारी लोक केवड्याच्या जातीतली फळं शिजवून खातात, हे झाड त्यांचं अन्न आहे, रिपोर्टमध्ये ते नुसतं 'झुडूप' म्हणून जाऊ नये. १९६९ नंतर कॅम्पबेल बे भागात वसवलेल्या माजी सैनिकांत मराठी कुटुंबंही आहेत, त्यांनाही विचारा, कुठलं तण कधी आलं हे तेच सांगतील.

तण मुद्दाम नोंदवा, प्रकल्पाची खडी-माती यायच्या आधी कुठे काय होतं याचा पुरावा तोच. आणि तणाचं बी आपल्याच अंगावरून जाऊ नये म्हणून प्रत्येक फेरीआधी बुटांचे तळवे, पँटच्या दुमडी, बॅगेचे कप्पे ब्रशने झाडून घ्या.

शेवटी नमुन्यांची एकेक प्रत हर्बेरियमला द्या, प्लॉटचा कच्चा डेटा रिपोर्टला जोडा, फक्त ऑर्किडची अचूक जागा सगळ्यांसाठी उघड करू नका, चोरणारे तेवढ्यावरच टपलेले असतात.