बालगृहातून बाहेर पडताना: सतराव्या वर्षीच करायची राहण्याची तयारी

पोरांनो, सगळ्यात आधी ऑफिसात जाऊन रजिस्टरमध्ये आपली जन्मतारीख काय लिहिली आहे ते पाहून या. बालगृहात येणाऱ्या कितीतरी मुलांकडे जन्माचा दाखला नसतो. मग कुणाची तारीख शाळेच्या दाखल्यावरून घेतलेली असते, कुणाची हाडांच्या तपासणीवरून, आणि बऱ्याच जणांची सरळ १ जून. त्या तारखेला अठरा पूर्ण झाली की संस्थेतला तुमचा मुक्काम कागदावर संपतो. माझीही १ जूनच होती. बारावीचा पेपर दिलेला, निकाल लागायचा होता, आणि मी पत्र्याची पेटी घेऊन गेटबाहेर उभी. त्या दिवशी मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. बालकल्याण समितीचा (तुम्हाला संस्थेत ठेवायचं ठरवणारी जिल्ह्यातली समिती) आदेश, शाळेचा दाखला आणि आधार या तिन्हींवर तारीख आणि नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आज तपासा. फरक असेल तर अधीक्षकांच्या सही-शिक्क्याने तो आत्ता दुरुस्त होतो. बाहेर पडल्यावर त्याच सहीसाठी चार हेलपाटे पडतात.

आता कायद्याचं. अठरा झाले म्हणजे सगळं संपलं, असं नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना पायावर उभं राहायला आर्थिक मदत देण्याची तरतूद आहे. सरकारी भाषेत त्याला अनुरक्षण म्हणतात, आपण आफ्टरकेअर म्हणतो. ते २१ वर्षांपर्यंत मिळू शकतं, खास कारण असेल तर आणखी दोन वर्षं, म्हणजे २३ पर्यंत. पण कलमात ‘देता येईल’ असं आहे, ‘दिलंच पाहिजे’ असं नाही. म्हणून ते मागावं लागतं, आणि वेळेत मागावं लागतं. मला या सगळ्या यादीत एवढी एकच गोष्ट सांगायला मिळाली असती, तर हीच सांगितली असती.

वेळेत म्हणजे कधी? नियमांत लिहिलं आहे की परिविक्षा अधिकारी, बालकल्याण अधिकारी किंवा केस वर्कर यांनी मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या व्यवस्थेची योजना समितीपुढे ठेवायची. चांगली माणसं ती ठेवतातही. पण एका माणसाकडे कितीतरी फायली असतात, मध्येच बदली होते, नवीन मॅडमना तुमचं नावही ठाऊक नसतं. म्हणून सतरावं पूर्ण झालं की तुम्हीच विचारायला लागा: “मॅडम, माझा आफ्टरकेअरचा प्रस्ताव कधी जाणार?” नुसतं विचारून थांबू नका. स्वतःच्या अक्षरात साधा अर्ज लिहा. मी अमुक तारखेला अठरा पूर्ण करते, माझं अमुक शिक्षण चालू आहे, बाहेर राहायला जागा नाही, तरी अनुरक्षणाचा लाभ मिळावा. बस, एवढंच. दोन प्रती करा. एक जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आवक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती आपल्याकडे ठेवा. याला पोच म्हणतात. माझा अर्ज “पाठवलाय गं” असं तोंडी सांगितलं गेलं होतं. पुढे कार्यालयात तो कुणालाच सापडला नाही, आणि माझ्या हातात दाखवायला काहीच नव्हतं. त्या एका शिक्क्यापायी माझे आठ महिने गेले.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. आफ्टरकेअर फक्त अनाथांना मिळतं, असं बऱ्याच मुलांना वाटतं. तसं नाही. आई आहे पण सांभाळू शकत नाही, वडील तुरुंगात आहेत, घरी परत जाणं धोक्याचं आहे, अशी मुलंही संस्थेतून बाहेर पडताना आफ्टरकेअर मागू शकतात. अनाथ प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. आई-वडील दोघंही तुम्ही अठराचे होण्याआधी वारले असतील तर ते मिळतं आणि राज्यात २०१८ पासून असलेल्या १ टक्का आरक्षणासाठी तेच लागतं. त्याचा अर्जही संस्थेत असतानाच करून टाका, कारण त्याला लागणारे निम्मे कागद तुमच्या संस्थेच्या फाइलमध्ये आहेत.

कागदांमध्ये सगळ्यात मोठा घोळ मोबाइल नंबरचा होतो. अठरा पूर्ण झाल्याशिवाय स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही, त्यामुळे आधारला आणि बँकेला अधीक्षकांचा नाहीतर काळजीवाहक ताईंचा नंबर जोडलेला असतो. मुलगा बाहेर पडतो, कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसतो आणि ओटीपी जातो सरांच्या फोनवर. सर मीटिंगमध्ये असतात, नाहीतर त्यांची बदली झालेली असते, नाहीतर तो नंबरच बंद असतो. गेल्या पावसाळ्यात एका मुलाचा फॉर्म शेवटच्या दिवशी असाच अडकला. सायबर कॅफेत आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो होतो, रात्री पावणेबाराला सरांचा मेसेज आला. म्हणून अठरा झाल्यावर पहिल्या आठवड्यातली कामं तीन. स्वतःच्या नावाचं सिम घ्यायचं, आधार केंद्रात जाऊन तो नंबर जोडायचा आणि बँकेत जायचं. अल्पवयीन म्हणून उघडलेलं खातं अठरानंतर नव्या सहीने, नव्या केवायसीने सज्ञान म्हणून करून घ्यावं लागतं. तोवर व्यवहार अडकू शकतो, आणि आफ्टरकेअरचे पैसे याच खात्यात यायचे असतात. पासबुकावर संस्थेचं नाव जोडलेलं असेल तर तेही विचारून घ्या.

बाकी कागद पटकन सांगते: शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, समितीचे आदेश, जातीचा दाखला असेल तर तो, अधिवास दाखला, आणि तुम्ही अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत इथे राहत होता असं संस्थेचं लेटरहेडवरचं पत्र. बटणाच्या प्लास्टिक फाइलमध्ये मूळ कागद, दुसऱ्या फाइलमध्ये पाच-पाच झेरॉक्स. दोन्ही फायली एका पेटीत ठेवू नका.

आता राहायचं कुठे. ठरवण्याआधी प्रत्येक जागा खरोखर कशी आहे ते माहीत करून घ्या.

अनुरक्षण गृह, म्हणजे अठरानंतर संस्थेतून बाहेर पडलेल्यांनी राहायची जागा, सगळ्या जिल्ह्यांत नाही, त्यामुळे जागा दुसऱ्या शहरात मिळेल अशी मनाची तयारी ठेवा. आधी तिथे राहून आलेल्या कुणाला तरी फोन करा आणि नेमकं विचारा. संध्याकाळी किती वाजता आत यावं लागतं? रात्रपाळीची नोकरी चालते का? तिथून कॉलेजला एसटी किती वाजता? “चांगलं आहे का” असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. नियमांत सहा-आठ जणांनी मिळून तात्पुरतं राहायचं, अशी सोयही सांगितली आहे. तुमच्या जिल्ह्यात असं गट-घर चालू असेल तर सोबत कोण असणार ते नक्की विचारा. आपल्याच संस्थेतली दोन मुलं बरोबर असली की पहिले सहा महिने सोपे जातात.

शिकत असाल तर वसतिगृह उत्तम. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहांत अनाथ मुलांसाठी काही जागा राखीव असतात, त्याचे फॉर्म प्रवेशाच्या वेळीच निघतात. पण वसतिगृहाची एक गोष्ट कुणी सांगत नाही. दिवाळीला आणि मे महिन्यात मेस बंद होते, पुष्कळ ठिकाणी खोल्याही रिकाम्या करायला लावतात. बाकीच्या मुली बॅगा भरतात, कुणाचा भाऊ न्यायला येतो, कुणी आईला फोनवर फराळाचं सांगत असतं. माझ्या पहिल्या दिवाळीत मी वॉर्डनना सांगितलं की मीही गावी चालले. दोन रात्री एसटी स्टँडवर काढल्या आणि तिसऱ्या दिवशी जुन्या काळजीवाहक ताईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “आधी आंघोळ कर.” तर प्रवेश घेतानाच लेखी विचारा: सुट्टीत राहता येईल का? नाही म्हणाले तर सुट्टीचे दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा करून ठेवा आणि त्या दिवसांची सोय ऑगस्टमध्येच लावा. यात लाज कसलीच नाही. वॉर्डनना खरं सांगितलं असतं, तर कदाचित त्यांनीच सोय केली असती, हे मला फार उशिरा सुचलं.

स्वतःची खोली घ्यायची असेल तर हिशोब आधी मांडा. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेत आफ्टरकेअरसाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत. पुण्या-मुंबईत एकट्याची खोली त्यात बसत नाही. तिघी-चौघी मिळून घेतली तर भाडं बसतं, पण सुरुवातीला अनामत लागते आणि एजंट असेल तर त्याचे पैसे वेगळे. मंजुरी मिळाली तरी पहिला हप्ता यायला वेळ लागतो. म्हणून निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर खोलीच्या नादाला लागू नका, आधी वसतिगृह नाहीतर अनुरक्षण गृहच बघा.

घरमालक तीन प्रश्न विचारणारच: आडनाव काय, गाव कुठलं, घरी कोण असतं. पहिल्या वेळी मी सगळं खरं सांगितलं, तर काकू म्हणाल्या, “नको बाई, उद्या काही झालं तर कुणाला फोन करायचा?” वाईट वाटलं, पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. त्या प्रश्नाचं उत्तर बरोबर घेऊन जा. संस्थेचं पत्र, आणि फोन उचलतील अशा दोन मोठ्या माणसांचे नंबर. त्यांना आधी सांगून ठेवा. जमलं तर आमच्यासारखी आधी बाहेर पडलेली एखादी ताई किंवा दादा सोबत न्या. अर्जात, करारात कधीही खोटं लिहू नका. पण तुमची सगळी कहाणी घरमालकाला सांगायचं बंधनही तुमच्यावर नाही. “संस्थेत राहून शिकले, आता नोकरी करते” एवढं पुरतं.

करार अकरा महिन्यांचा असला तरी आपल्या राज्यात तो लेखी आणि नोंदणीकृतच असायला हवा, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीचा खर्च कोण करणार हे आधी ठरवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, त्याला घाबरू नका. अनामत रोख देऊ नका, खात्यातून द्या. किल्ली घ्यायच्या आधी भिंतीची ओल, फुटलेली टाइल, बंद पंखा यांचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. खोली सोडताना अनामत कापण्याचं कारण बहुतेक वेळा त्याच टाइलमध्ये सापडतं.

मुलींनी नोकरी लागल्यावर सखी निवासाची चौकशी करावी, ती नोकरदार महिलांची सरकारी योजनेतली वसतिगृहं आहेत. आणि अठरा जवळ आले की अचानक एखादे काका किंवा मामा उगवतात. खरंच मायेने येणारेही असतात, मी पाहिलेत. पण लग्न उरकून टाकायला किंवा बिनपगारी राबवून घ्यायला येणारेही पाहिलेत. आधी सुट्टीत आठ दिवस राहून या, रात्री कुठे झोपायला देतात ते पाहा, परत येऊन समुपदेशक मॅडमशी बोला आणि मगच हो म्हणा.

स्वयंपाकाचं सामान अगदी थोडं लागतं. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. एक कुकर, एक तवा, पोळपाट-लाटणं, दोन पातेली. संस्थेतून निघण्याआधी महिनाभर मावशींच्या हाताखाली उभे राहा, पण एकाच माणसाचा स्वयंपाक करायला मागा. आम्हाला साठ जणांच्या आमटीत मीठ किती ते डोळे मिटून कळायचं. माझ्या खोलीवर पहिल्या दिवशी मी भात लावला तो तीन दिवस पुरला, आणि तिसऱ्या दिवशी आंबला.

कधी खोली सुटलीच, तर मोठ्या शहरांत महानगरपालिकेची बेघर निवारा केंद्रं आहेत. ती कुठे आहेत ते गरज पडण्याआधी बघून ठेवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर अठराच्या आतल्यांसाठी. त्यानंतर अडचणीत ११२, महिलांना १८१. मालकाने सामान बाहेर काढलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि अर्ज न करताच बाहेर पडला असाल, पण अजून एकविशीच्या आत असाल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा, याच आठवड्यात.

निघायच्या दिवशी अधीक्षकांकडे एक गोष्ट मागा: पहिल्यांदा आलात त्या दिवशी फाइलला लावलेला तुमचा फोटो. मूळ देणार नाहीत, पण मोबाइलवर काढू देतील. लहानपणीचा दुसरा फोटो पुष्कळ जणांकडे नसतो.

नोंदणीकृत करार हातात आला की आधारवरचा पत्ता बदलून घ्या, त्यासाठी तो करार चालतो. तोवर बँकेची, परीक्षेची, सगळी पत्रं संस्थेत जात राहतील आणि कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतील. पत्ता बदलला की खोलीच्या दारावर सगळ्यांची पूर्ण नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, आणि वरून चिकटपट्टी लावा, म्हणजे पावसाने शाई उतरणार नाही. पोस्टमनला वाचता यायला हवं.